दोन बिळं, दोन कौल

आमच्या गावात कौल लावणारे बरेच होते, पण दुसऱ्या गावची माणसं टेकडी उतरून यायची ती मियालकडेच. गावामागच्या गवताळ माळावर त्याच्या कोळ्यांची बिळं होती. कोळी काळा, केसाळ, तळहाताएवढा. बिळाभोवती बूड काढलेलं मडकं रोवायचं, आत एका अंगाला काडी, दुसऱ्या अंगाला खडा आणि बिळाच्या तोंडावर खुणा कापलेली वाळकी पानं ठेवायची. प्रश्न विचारून वर झाकण घालायचं. कोळी बाहेर येताना पानं ढकलतो. ती काडीवर पडली तर हो, खड्यावर पडली तर नाही.

मियाल आधी कोळ्याचीच परीक्षा घ्यायचा. "मी इथं एकटा आलोय का?" असं चार माणसं सोबत असताना विचारायचा. उत्तर चुकलं की ते बीळ सोडून पुढच्या बिळाकडे जायचा. खोटारड्याच्या दारात कशाला बसायचं, म्हणायचा.

एका उन्हाळ्यात कूना या विधवेची कॉफीची बाग जळाली. नव्या गवतासाठी माळ पेटवायचे दिवस, आग कुणाचीही असेल. पण सगळ्यांचं बोट डेगाकडे. डेगा म्हणजे मियालच्या बायकोचा भाऊ. एका ओढ्याच्या पाण्यावरून मियालचं आणि त्याचं बोलणं कधीच तुटलेलं. मुखियानं प्रकरण मियालकडे दिलं तेव्हा गावानं डेगाला दोषी धरूनच टाकलं.

मियालनं दोन बिळांवर कौल लावला. डेगाच्या नावाला एकानं हो म्हटलं, दुसऱ्यानं नाही. त्यानं प्रश्न उलटा करून विचारला, काडी-खड्याची जागा बदलली, तरी तेच. दोन्ही कोळी परीक्षेत खरे उतरलेले. मुखियानं त्याला बाजूला नेऊन समजावलं, की एक कौल सांग, गाव शांत होईल. मियालनं मडकी उपटली आणि जमलेल्या लोकांना मोठ्यानं सांगितलं, "कोळ्यांना माहीत नाही. मग मलाही माहीत नाही."

लोक चिडले. म्हातारा झाला, म्हणाले. कुणावरच दोष येईना, तेव्हा मुखियानं नवी रोपं लावायचं काम साऱ्या गावावर टाकलं. डेगाही कुदळ घेऊन आला. खड्डे खणता खणता तो मियालजवळ सरकला.

"दाजी, खरं सांगा. मीच दोषी निघावं असं वाटत होतं ना तुम्हाला?"

"वाटत होतं. म्हणून तर उलटसुलट करून विचारलं."

"आणि आता?"

"आता खड्डा खोल खण. वीतभर खड्ड्यात कॉफी जगत नाही."

आग कुणी लावली ते आजवर कळलेलं नाही.

पावसाळ्यात डेगाच्या बायकोचं पोट दुखून फुगू लागलं. जवळच्या गावात कौल लावणारा त्याचाच चुलता होता, तरी डेगा आला मियालच्या दारी. मियालनं त्याला बसवलं, मक्याची दारू पुढे केली आणि पाऊस उघडल्यावर माळावर नेलं. तिला बान्यो शहरातल्या दवाखान्यात न्यावं का, एवढंच विचारलं. पानं काडीवर पडली. दुसऱ्या बिळावरही काडीवरच.

"ऊठ," मियाल म्हणाला. "चिखल वाढायच्या आत निघायला हवं."

मियालनं आपल्या मोटारसायकलवर तिला मध्ये बसवलं, मागून डेगानं धरलं, आणि तो स्वतः तिला घेऊन गेला. तिचं ऑपरेशन झालं. आता ती बाजारात शेंगदाणे विकते आणि मियाल दिसला की मूठभर जास्त घालते.