स्नेहलच्या आठ गाण्यांवर जयमालाबाईंचा अभिप्राय

राजूरच्या मुलींच्या वसतिगृहात जयमाला भिंगारदिवे अधीक्षिका म्हणून आल्या, तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. आता एकोणपन्नास. वडील नगरजवळच्या नागापूरला कारखान्यात लेथवर कामाला होते, त्यामुळे बालपण सगळं नगरला गेलेलं. डोंगरातली थंडी आणि डोंगरातल्या पोरींचा अबोलपणा, दोन्ही त्यांना इथंच कळलं. तेवीस वर्षांत शेकडो मुली त्यांच्या हाताखालून गेल्या. कुणी नर्स झाली, कुणी तलाठी. टीव्हीवर गेली ती एकटी स्नेहल.

पाचवी ते दहावी ती इथं होती. प्रार्थनेला मागच्या रांगेत उभी राहणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी. ती गाण्याच्या स्पर्धेत शेवटच्या चौघांत पोचली, तेव्हा राजूरच्या बाजारात तिचा फ्लेक्स लागला. आणि गेल्या दिवाळीनंतर तिचा पहिला अल्बम आला. आठ गाणी, सगळी पॉप, सगळी तिनंच लिहिलेली.

वसतिगृहात मोबाईलला बंदी. तरी भेटायला येणाऱ्या पालकांच्या फोनवरून गाणी आत शिरलीच. नववीच्या मुलींनी सहाव्या गाण्यावर स्नेहसंमेलनात नाच बसवायची परवानगी मागितली, आणि त्याच आठवड्यात नववीतल्या अश्विनीचे वडील गहिनीनाथ ऑफिसात येऊन बसले.

"मॅडम, पोरगी सुट्टीत घरी चुलीम्होरं बसून म्हनते, 'दार लाव, दिवा मालव'. ह्यासाठी ठिवली का आमी तिला हितं?"

"मी ती गाणी अजून ऐकलेली नाहीत," जयमालाबाई म्हणाल्या.

"मग ऐका. तुमी म्हनाल ते मान्य."

संस्थेच्या सचिवांनीही लेखी अभिप्राय मागितला. जयमालाबाईंनी बाजारातून इअरफोन आणले. रविवारी दुपारी मुली कपडे धुवायला गेल्या, तशा त्या रेघी कागद घेऊन खोलीत बसल्या.

पहिल्या गाण्यापुढे त्यांनी लिहिलं, 'हरकत नाही. ढोलामुळे शब्द कळत नाहीत.' दुसऱ्यापुढे, 'प्रेमाचे. चालेल.' तिसरं मुंबईतल्या भाड्याच्या खोलीचं होतं. तेही चालण्यासारखं.

चौथं गाणं वाद्याशिवाय सुरू झालं. नुसता आवाज, खालच्या पट्टीतला, अगदी कानाशी बोलल्यासारखा. सहावीतली एक मुलगी सकाळी उठते. चादरीवर रक्त. आपण मरणार असं तिला वाटतं आणि ती कुणाला सांगत नाही. मग एक बाई येते. आधी चादर खराब केली म्हणून रागावते. मग मुलीचं तोंड बघते आणि गप्प होते. बाकीच्यांना बाहेर पाठवते, बंबात पाणी तापवते, आणि केसांना तेल लावता लावता सगळं समजावून सांगते. तिथं ढोल आला आणि आवाज वर चढू लागला, असा की जयमालाबाईंच्या हातातलं पेन जागीच थांबलं.

बंब त्यांनी ओळखला. स्वतःलाही ओळखलं. ती सकाळ मात्र आठवेना; अशा कितीतरी सकाळी होऊन गेल्या होत्या. त्या थक्क झाल्या त्या वेगळ्याच गोष्टीनं. मागच्या रांगेतली ती अकरा वर्षांची पोर तेव्हा सगळं बघत होती. बाईंचा राग तिनं लपवला नव्हता, माया फुगवली नव्हती. जसं घडलं तसं तिनं जपून ठेवलं होतं, आणि आता त्याच्यावर असा आवाज चढवला होता. त्यांनी ते गाणं तीनदा ऐकलं.

सहावं, 'दार लाव, दिवा मालव' हे गाणं बाईमाणसाला वाटणाऱ्या ओढीचं होतं. उघड, आणि सुरेलही. जयमालाबाईंना त्याची लाज वाटली नाही. पण त्यांना पाचवीतल्या दहा वर्षांच्या पोरी दिसल्या. त्यांनी लिहिलं, 'गाणे वाईट नाही. वय व्हायला हवे. नाच नको. दहावीच्या मुलींनी विचारल्यास मी बोलेन.' पाचव्या, सातव्या, आठव्यापुढे 'चालेल' लिहिलं. आणि चौथ्यापुढे लिहिलं, 'सहावीपासून प्रत्येक मुलीने ऐकावे.'

पुढच्या रविवारी त्यांनी इअरफोन गहिनीनाथांच्या हातात दिले. ते आवारात उभ्यानंच चौथं गाणं ऐकत राहिले. अर्ध्यात त्यांनी मान खाली घातली, पण इअरफोन काढले नाहीत.

"आमच्यात हे कुनी बोलत न्हाई," शेवटी ते म्हणाले. "माझ्या बहिनीला कुनी सांगितलं आसंल, द्येव जाने." मग इअरफोन परत देत म्हणाले, "पोरीचा आवाज लई खरा हाय. अश्विनीनं हे म्हनलं तरी माझी ना न्हाई."

जयमालाबाईंनी स्नेहलला फोन लावला. गाण्यातल्या बाईबद्दल काय बोलावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्या कामाचंच बोलल्या.

"सहावं गाणं मी लहान मुलींना ऐकू देणार नाही."

स्नेहल हसली. "मीही दिलं नसतं, मॅडम. चौथं?"

"ते अश्विनी म्हणणार आहे, स्नेहसंमेलनात." जयमालाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी रागावले होते, ते मला आठवत नव्हतं गं."

"पाच मिनिटंच रागावला होतात," स्नेहल म्हणाली. "पण ते वगळलं असतं, तर पुढचं कुणाला खरं वाटलं नसतं."

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. माईक बिघडला होता, म्हणून अश्विनी तशीच गायली. दुसऱ्या कडव्याला मागच्या रांगेतल्या मुलींनी सूर धरला, मग सगळ्यांनी. पालकांतल्या बायका आधी एकमेकींकडे बघत होत्या, नंतर स्टेजकडे बघू लागल्या. जयमालाबाई पडद्याच्या कडेला उभ्या होत्या. साठ मुलींचा असा मोकळा एकत्र आवाज त्यांनी तेवीस वर्षांत कधी ऐकला नव्हता. गाणं संपलं तरी त्या हलल्या नाहीत.