पाठ केलेला तक्ता

आमच्या तालुक्यात सत्काराला कारण लागत नाही. पोरगं शिष्यवृत्तीत आलं की त्याचा सत्कार, मग त्याच्या वर्गशिक्षकाचा, आणि सत्कार करायला जे पाहुणे आले त्यांचा तर सगळ्यांच्या आधी. मी बारामतीहून रोज अप-डाउन करून इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. इतक्या वर्षांत मला इतके नारळ मिळालेत की घरात खोबऱ्याची चटणी केली की माझी मुलं ताटावरून उठतात.

एका वर्षी वरून निरोगी शाळेची स्पर्धा आली. दात, नखं, वजन, डोळे, आणि शेवटी मनाचं आरोग्य. मनासाठी स्वतंत्र खोली हवी होती. आमच्याकडे खोली कुठली? मग पोषण आहाराचा तांदूळ ठेवतो त्या खोलीच्या दाराशी ‘मनमोकळा कोपरा’ अशी पाटी लावली, खाली एक पोरगी बसवली, तिच्यासमोर मी बसले, आणि मुख्याध्यापकांनी मोबाइलवर फोटो काढला. "बाई, जरा मायेनं बघा तिच्याकडं," असं ते दोनदा म्हणाले. मी बघितलं. फोटो अपलोड झाला आणि तालुक्याचं मन मोकळं झालं.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र आम्ही खरी अक्कल चालवली. तपासणीचं पथक यायच्या पंधरा दिवस आधी शाळेला एक तक्ता मिळाला. वर एक मोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेल्या ओळी. कुणाला कमी दिसतं ते आम्ही आधीच हेरून ठेवावं, एवढ्यासाठी तो दिला होता. मुख्याध्यापकांनी तो हातात धरून वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "बाई, हे पोरांकडनं पाठ करून घ्या. ऐनवेळी कुणी अडखळलं तर शाळेची इज्जत जायची."

हसू नका. आमच्या शाळेत जे भिंतीवर लागतं ते पाठ करायचंच असतं. पाढे, प्रतिज्ञा, जिल्ह्यातल्या नद्या, अधिकाऱ्यांची पदं, सगळं. त्या रांगेत हाही तक्ता बसला, आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही, हे आधीच सांगून टाकते. मी बी.एड. झालेली बाई, हातात पट्टी घेऊन तक्त्याशेजारी उभी राहिले आणि एकेका अक्षरावर पट्टी ठेवत गेले. चौथीचा वर्ग तालात ओरडत होता. तीन दिवसांत शेवटची ओळसुद्धा पोरांना तोंडपाठ झाली.

सगळ्यांत पक्कं पाठ होतं ते एका पोरीचं. उंच म्हणून मी तिला शेवटच्या बाकावर बसवलं होतं. तिचे आईबाप शेजारच्याच रानात डाळिंब आणि भाजीपाला करायचे. तिसरीपासून ती माझ्याच वर्गात. फळ्यावरचं उतरवताना ती शेजारणीच्या वहीत डोकावायची, म्हणून मी तिला दोनदा पट्टी मारली होती. तोंडी विचारलं की मात्र सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायची. मी तिच्यावर शेरा मारला होता, हुशार आहे पण लिखाणात आळशी.

पथक आलं. आधी त्यांचा सत्कार, मग चहा, मग तपासणी. त्यांनाही पुढच्या दोन शाळा उरकायच्या होत्या, म्हणून आमच्या भिंतीवरचाच तक्ता वापरला. पोरीनं डावा डोळा झाकून तक्ता धडाधड म्हटला, उजवा झाकून पुन्हा तसाच म्हटला. पथकातली नर्स कौतुकानं म्हणाली, "गरुडाची नजर आहे हिची!" आमची शाळा तालुक्यात पहिली आली. रस्त्याला फ्लेक्स लागला. त्यावर अकरा मोठ्या माणसांचे फोटो होते आणि मुलांचा एकही नव्हता. आदर्श निरोगी विद्यार्थिनी म्हणून त्या पोरीला प्रमाणपत्र मिळालं आणि तिच्या आईनं ते काचेच्या फ्रेममध्ये घातलं.

महिन्याभरानं निमगाव केतकीच्या बाजारात तिची आई मला भेटली. मी मेथी घेत होते. ती म्हणाली, "बाई, पोरगी डागी डाळिंबं चांगल्यात टाकती. लांबनं मला वळखत न्हाय. हिला दिसत न्हाय का काय, असं वाटतंय."

मी हसले. तो माझा हसण्याचा आवाज आजही मला ऐकू येतो आणि स्वतःची किळस येते. "अहो, डोळे तपासून झालेत ना. प्रमाणपत्र आहे घरात. कामाचा कंटाळा करत असेल."

"व्हय का? मग चांगलं हाय," ती म्हणाली आणि तिनं शेजारी उभ्या असलेल्या पोरीलाच दटावलं.

दुसऱ्या सत्रात एका दुपारी मी व्हरांड्यात वह्या तपासत बसले होते. आत मुली दवाखाना-दवाखाना खेळत होत्या. स्पर्धेची ढाल आल्यावर भिंतीवरचा तक्ता काढून त्याच खिळ्याला आम्ही बक्षीस समारंभाचा मोठा फोटो लावला होता. डॉक्टर झालेली मुलगी म्हणाली, "वाच गं." आणि ती उंच पोरगी एक डोळा झाकून, भिंतीकडं तोंड करून, त्या फोटोवरून तक्ता वाचायला लागली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. बाकीच्या मुली हसून लोळायला लागल्या. तिला त्या का हसतायत तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तिला व तिच्या आईला घेऊन बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. उजव्या डोळ्याला मोठा नंबर होता, त्याचं चष्म्यानं भागणार होतं. डावा वापराविना आळशी झाला होता. उजव्यावर रोज काही तास पट्टी बांधून डाव्याला कामाला लावू, पण खात्री देत नाही, म्हणाले. "हे वय झपाट्यानं निघून जातं. वर्षभर आधी का नाही आणलंत?"

आईनं पदर तोंडाला लावला. "शाळंत तपासलं हुतं, सायेब. चांगलं हाय म्हणून लिवून दिल्यालं." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. तक्ता मीच पाठ करून घेतला होता, एवढंच सांगायचं होतं. मी चष्म्याच्या काचा कधी मिळतील ते विचारलं.

मुख्याध्यापकांना यातही संधी दिसली. विद्यार्थिनीचा दृष्टिदोष वेळीच ओळखणाऱ्या जागरूक शिक्षिका म्हणून त्यांनी माझाच सत्कार ठरवला. "वेळीच" हा शब्द त्यांनी निमंत्रणात जाड ठशात छापला होता. मी नको म्हटलं, पण कितपत? एकदाच, तेही हळू आवाजात. साडी मात्र नवीन नेसून गेले.

गुच्छ द्यायला त्या पोरीलाच बोलावलं. नवा चष्मा लावून ती स्टेजवर आली. उजव्या डोळ्यावरची पट्टी समारंभापुरती काढली होती. तिनं गुच्छ दिला आणि खाली जाईना. मान वर करून माझ्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर विचारणार. मी खाली वाकले.

"बाई," ती माझ्या कानात म्हणाली, "तुमच्या हनुवटीवर तीळ हाय व्हय?"

दोन वर्षं ती रोज माझ्यासमोर बसत होती.