पेंढ्याचं झाकण

यसू जिवंत होती तोवर ही गोष्ट माझ्या तोंडून निघाली नाही. यसू म्हणजे माझी बायको. ती गेली, मग सांगणार कोणाला? आज तुम्ही समोर बसलाय, तर बोलतो. चौथी शिकलेला माणूस मी — वाकडंतिकडं होईल.

जव्हारच्या अलीकडे एका शेठचा बंगला आम्ही दोघं राखायचो. शेठ मुंबईचा, शनिवारी यायचा. त्याने अंगणात टब बसवला होता, विजेवर पाणी तापवणारा, चार माणसं बसतील एवढा. उघड्या आभाळाखाली वाफा निघायच्या. पोशेऱ्याच्या रानात वाढलेला मी — पहिल्यांदा बघितलं तेव्हा हात जोडले. खरंच जोडले.

पण लाइट बिल आलं की शेठ भडकायचा. पठारावरचा वारा, त्यात लोडशेडिंग. पाणी निवायचं, मशीन पुन्हा पहिल्यापासून तापवायचं. शेवटी म्हणाला, पुढचं बिल असंच आलं तर टब विकतो, बंगल्याला कुलूप लावतो. म्हणजे आमची भाकर गेली.

मी डोकं धरून बसलो. यसू म्हणाली, "पेंढ्यात आंबं पिकत घालतो, त्या आढीत हात घातलाव कधी? आत कशी ऊब अस्ते! पेंढा ऊब सोडत नाय."

एवढंच बोलली आणि कामाला लागली. जुन्या लुगड्यात भाताचा पेंढा भरून गोधडीसारखा टाचला, खालून प्लास्टिक शिवलं, टबाएवढं झाकण केलं. वाऱ्याच्या अंगाला आडोसा म्हणून कारवीच्या काठ्यांचा कूड घातला. मी काय केलं? कारवी तोडून आणली.

संध्याकाळी मशीन बंद केलेलं. सकाळी झाकण उचललं तर वाफ तोंडावर आली! वीज नाही, जाळ नाही — आणि पाणी गरम. मी पाण्याकडे बघू की यसूकडे? तीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिच्या डोक्यात हे होतं — आणि मला ठाऊकच नव्हतं.

बिल उतरलं. शेठ खूश. अंगणात उभं राहून त्याने विचारलं, "ही अक्कल कोणाची रे?"

यसू दोन पावलांवर. केसांत पेंढ्याची काडी.

"माझीच, शेठ."

का बोललो? भीती नव्हती, गरज नव्हती. बोललो.

यसू हसली. "व्हय शेठ, ह्यांचं डोकं लय चालतं. जेवताना पण थांबत नाय!"

शेठ म्हणाला, "मग आज टबात तू बसायचं. तुझा मान."

तेव्हा तरी तोंड उघडता आलं असतं, नाही का? भाताच्या आवणीच्या चिखलात उभं राहून यसूचे गुडघे गेलेले. बसताना कण्हायची. ते पाणी कोणाच्या अंगाला लागायला हवं होतं, मला कळत होतं — चांगलं कळत होतं.

मी बसलो. गळ्यापर्यंत. हाडं सुटी झाल्यासारखी वाटली. असं सुख जन्मात घेतलं नव्हतं. ती टॉवेल धरून उभी.

घरी आल्यावर तिने विचारलं, "कसं वाटतं वो आत?"

मी म्हणालो, "काय वाटायचंय? पाणी ते पाणी."

त्यानंतर ती बारा वर्षं जगली. पुन्हा कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.