मंगलीची कलती खुर्ची

मंगली झाडावर चढायची तेव्हा खाली बायका टोपल्या धरून नुसत्या वर बघत राहायच्या. धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलाच्या पोटात कोसमटोला म्हणून गाव आहे, तिथली ती. जशी चढायला चपळ, तशीच बोलायला. ग्रामसभेत तेंदूपत्त्याचा विषय निघाला की बाप्ये आधी तिच्याकडे बघायचे आणि मग तोंड उघडायचे.

एका वैशाखात चारोळीसाठी ती चाराच्या झाडावर चढली आणि पायाखालची फांदी मोडली. मंगली पाठीवर पडली. मान मोडली होती. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जीव वाचला, खांदे आणि कोपरं थोडी हलू लागली. पण बोटं गेली आणि छातीखालचं सगळं अंग गेलं ते गेलंच.

घरी आल्यावर कुठल्याशा शिबिरात तिला एक घडीची व्हीलचेअर मिळाली. नवरा चैतू तिला उचलून त्या खुर्चीत बसवायचा. थोड्याच वेळात ती पुढं घसरायची. मान छातीवर पडायची, पेज घशात अडकून ठसका लागायचा, कधी डोळ्यांपुढं अंधारी यायची. चैतूनं लुगड्याच्या पट्ट्यानं तिला पाठीशी बांधून पाहिलं. ती घसरायची थांबली नाही. उलट घासून घासून माकडहाडावर घाव झाला. दवाखान्यात सांगितलं, आता बसवू नका.

मग खाट आली. चैतू तिला या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचा, घाव धुवायचा. दोन उन्हाळे असे गेले. सभेत काय ठरलं ते बायका आधी घरी येऊन सांगायच्या. पुढं पुढं त्यांचंही येणं कमी झालं. मंगली कुणाला दोष देत नसे. पण बाहेर कुणी मोठ्यानं बोललं की तिचे कान तिकडे लागायचे, आणि बोलणारा पुढं निघून गेला की ती तोंड भिंतीकडं करायची.

अशात गावात रश्मी आली. ती ब्रह्मपुरीकडची, अपंगांना बसायला-उठायला शिकवणारी थेरपिस्ट. गावोगाव फिरायची. तिनं घाव पाहिला, कोपऱ्यात पडलेली घडीची खुर्ची पाहिली.

"मंगलीबाई, बसता काऊन नाई?"

"बसली का घाव होते. निजली का जीव जाते," मंगली म्हणाली. "तूच सांग बाई, काय करू?"

रश्मीनं दारातलं सूप उचललं. त्यात मूठभर तांदूळ होते. सूप पुढं कललं तसे तांदूळ काठाकडं सरकले. मागं कललं तसे पोटात जाऊन बसले.

"हे असं हाये. साध्या खुर्चीत तुम्ही पुढं सरकता. नुसती पाठ मागं पाडली तरी सरकताच, अन् कातडी घासते. एक खुर्ची अशी येते का तिची बैठक अन् पाठ संगंसंगं मागं कलते. अंग जसं बसलं तसंच राह्यते. कुल्ल्यावरचा भार पाठीवर जाते, अन् खालच्या कातडीले जरा दम भेटते."

"घाव असताना?" चैतूनं विचारलं.

"नाई भाऊ. आधी घाव भरू द्या. घाईचं काम नाई हे."

घाव भरायला पावसाळा गेला, दिवाळीही गेली. मग रश्मीनं मंगलीच्या मापाची तशी खुर्ची मिळवून दिली. डोक्याला टेकू, दोन्ही बाजूंना आधार, खाली मऊ गादी, आणि ढकलणाऱ्याच्या हाताशी एक दांडा. चैतूनं तिला अंगणात आणून तीत बसवलं. रश्मीनं दांडा दाबला आणि खुर्ची हळूच मागं गेली.

मंगली किंचाळली.

पाठीमागं काहीच नाही, अंग मागं चाललंय, वरचं आभाळ फिरतंय. हे तिला ठाऊक होतं. झाडावरून पडताना असंच झालं होतं. "उतरवा मले! उतरवा!" ती ओरडत राहिली आणि चैतूनं तिला उचलून खाटेवर ठेवलं.

चैतू थोडा वेळ खुर्चीकडं बघत उभा राहिला आणि अचानक स्वतःच तीत जाऊन बसला.

"पाड वो बाई मले. पाहू तर खरं पडतो का."

रश्मीनं त्याला मागं कलवलं. चैतूनं टेकूवर डोकं टाकलं, डोळे मिटले. दिवसभर धान बांधून आलेला माणूस तो. बघता बघता घोरायला लागला.

मंगली आधी बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. "उठवा त्याले! माह्या खुर्चीत झोपून राह्यला!"

त्या हसण्यानंतर तिनं एकच अट घातली: "मांगं भिंत पाह्यजे." तेव्हा खुर्ची घराच्या भिंतीला लावली. चैतू दांडा दाबायचा आणि ती "बस" म्हणाली की थांबायचा. रोज थोडं थोडं जास्त. काही दिवसांनी भिंतीपासून खुर्ची हातभर पुढं आली. एके सकाळी तिनं स्वतःच अंगणाच्या मधोमध न्यायला सांगितलं.

फरक हळूहळू दिसत गेला. पायांची सूज उतरली. अंधारी यायला लागली की ती म्हणायची, "घ्या मांगं," आणि नजर परत ठिकाणावर यायची. जेवताना खुर्ची जवळजवळ सरळ ठेवायची, हे रश्मीनं बजावलं होतं. डोकं सावरलेलं असल्यानं ठसका कमी झाला. छाती मोकळी झाली तसा आवाजही मोठा झाला. सगळं सुरळीतच झालं असं नाही. खुर्ची जड, गावातली वाट खड्ड्यांची, चाक रुतायचं. बसल्यावर थोड्या थोड्या वेळानं खुर्ची कलवून भार बदलावा लागायचा; एकदा ते राहून गेलं तर कातडी लाल झाली आणि ती पुन्हा चार दिवस खाटेवर पडली. त्यानंतर तिनं चैतूला कधी विसरू दिलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर तेंदूपत्त्याची सभा होती. सभेचा अध्यक्ष इसरू स्वतः बोलवायला आला. पोरांनी वाटेवर मुरूम टाकला आणि मंगली गावच्या मांडवाखाली पोचली. व्यापाऱ्याचा माणूस आला होता. त्याचं म्हणणं, यंदा पानांचे पुडे गावात मोजायचे नाहीत, बायकांनी ते डांबरी रस्त्यावर आणून द्यावेत.

चर्चा लांबत गेली. मंगलीनं खूण केली, चैतूनं खुर्ची मागं कलवली. ती डोळे अर्धे मिटून पडून राहिली. व्यापाऱ्याचा माणूस हसला.

"बाईले झोप लागली वाटते. घरी न्या ना तिले."

"झोपली नाई भाऊ," मंगली तशीच कललेल्या खुर्चीतून म्हणाली. "भार बदलून राह्यली. कान उघडेच हायेत. तुमी बोला."

तो माणूस पुन्हा रस्त्याचं सांगू लागला, पण आता अडखळत. त्याचं संपल्यावर मंगलीनं खुर्ची सरळ करायला लावली.

"पहाटे जंगलात जाची बाई. भर उन्हात पानं घेऊन येते, घरी बसून पुडे बांधते. अन् वरून डोक्यावर घेऊन रस्त्यावर जाची? गाडी तुमची हाये ना? मंग गाडी इथी येईल. वाट खराब असंल तर आमी दुरुस्त करून देतो. आताच केली नाई का, माह्यासाठी?"

मागं बसलेल्या बायकांतून एकदम आवाज उठला. इसरूनं हात वर करायला सांगितले आणि मांडवभर हात वर गेले. मोजणी गावातच होईल, असं ठरलं. व्यापाऱ्याच्या माणसानं फोनवर कुणाशी तरी बोलून अखेर मान हलवली.

सभा उठली तरी मंगली घरी निघाली नाही. बायका तिच्याभोवती बसल्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या शेळीला दोन पिल्लं झाली, सगळं राहिलेलं एका बैठकीत तिला ऐकायचं होतं. चैतू दोनदा येऊन बघून गेला.

"चलाचं का?"

"थांबा ना अजी," ती म्हणाली. "जरासं मांगं घ्या, अन् जा तुमी. हे बाया आणून सोडतीन मले."