पणजोबा गडावर का गेले

कुवेतमध्ये सहा वर्षं मी किल्लेदारांची लेक म्हणून मिरवले. परक्या मुलुखात आपली ओळख आपणच करून द्यायची, तर हात आखडता कशाला घ्या? मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला जी ती सरदारांची नाहीतर इनामदारांची. मीही ठोकून दिलं, माहेरी गडाची किल्लेदारी होती म्हणून.

पंचाईत झाली ती लेकीच्या शाळेमुळे. तिला जुन्या कोरियातल्या समाजाचा तक्ता करायचा होता. हवल्ली या कुवेतमधल्या वस्तीत आमच्या खालच्या मजल्यावर एक कोरियन बाई राहायच्या, आमच्या ह्यांच्याच प्रोजेक्टवरच्या इंजिनिअरची बायको. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी त्या मदतीला आल्या. माझे वडील, आबा, तेव्हा व्हिजिट व्हिसावर आलेले. ते सोफ्यावर मटार सोलत बसले होते.

बाईंनी बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणलेल्या मोठ्या कागदावर तीन ओळी आखल्या; त्या सांगत तसं मी आबांना मराठीत सांगत होते. वर उमराव. मध्ये शेतकरी; राजाचा हुकूम आला की नांगर टाकून तटबंदीचे दगड वाहायला जायचं, मजुरी नाही. तळाला गुलाम, आई गुलाम तर पोरही गुलाम. "आमच्या वंशावळीच्या पुस्तकात आम्ही उमराव आहोत," असं इंग्रजीत म्हणत त्यांनी आपल्या घराण्याची चिठ्ठी वरच्या ओळीत चिकटवली.

"आणि आपण कुठे?" लेकीनेही इंग्रजीतच विचारलं.

"वरच. किल्लेदार," मी म्हटलं. तिने तशी चिठ्ठी लावली आणि आबांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"ती मधली ओळ म्हणजे वेठच ना गं?" त्यांनी मला विचारलं. मग नातीकडे वळून म्हणाले, "माझे आजोबा गडावर गेले होते हे खरंय बाळा. गोऱ्या साहेबाचा आंघोळीचा टब डोक्यावर घेऊन. ऐन पेरणीत पाटलाचा सांगावा आला. भाकरी घरची. वर पोचल्यावर साहेब टबात बसला आणि पाणीही आजोबांनीच भरलं."

सांगताना ते मजेत हसत होते. इतक्या गोडीत मला आजवर कुणी थोबाडीत मारली नव्हती.

बाईंनी विचारलं, काय म्हणाले? लेक माझ्याकडे बघत होती. तिला मराठी बोलायचा कंटाळा, पण कळायचं सगळं. मी थाप मारली असती तर तिच्यासमोर आबा खोटे पडले असते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं, टबासकट. पेरणी सोडून डोंगर चढणारा तो माणूस डोळ्यांसमोर आला आणि सहा वर्षं मी त्याला लपवला याची मनापासून लाज वाटली. आमची चिठ्ठी मीच उचकटून मधल्या ओळीत लावली.

मग बाईंनी पुढे वाकून आपली चिठ्ठी नखाने हळूहळू सोडवली.

"आजी सांगायची, ते पुस्तक आम्ही एका उमराव घराण्याकडून विकत घेतलंय," त्या म्हणाल्या, आणि चिठ्ठी आमच्याही खाली, शेवटच्या ओळीत लावली.