चाकांच्या घराला खालून टाके

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीपर्यंत शिकले, पुढे रजया शिवल्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफ करा. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी. आमच्या गल्लीतले भाऊ असते तर त्यांनी अक्षर पाहिलंच नसतं. वही उचलून आधी खालून पाहिली असती. ते प्रत्येक वस्तू खालूनच पाहत.

"वरून सारेच साहेब असते, बाई," ते म्हणत. "खालून पाहा लागते."

अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्याला, माझ्या ओट्याला लागून त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. उन्हाळ्यात कूलर, बाकी वर्षभर गेट, खिडक्या, हातगाड्या. कोणी नवी खाट घेतली की आम्ही बायका तिचा रंग पाहायचो. भाऊ गुडघे टेकून खाटेखाली शिरायचे आणि तिथूनच विचारायचे, "कितीले घेतली?" किंमत ऐकली की खालून नुसता "हं" यायचा. त्या एका "हं"ने कितीतरी घरांत भांडणं लागली.

चांदूर बाजारला एका लग्नात अक्षता पडल्यावर, नवरा-नवरी चढण्याआधी, ते स्टेजखाली शिरले. नवरीच्या बहिणींना वाटलं, लपवलेला जोडा शोधायला वरपक्षाने म्हातारा पाठवला. त्या ओरडल्या, "काका, जोडा तथी नाई हो!" भाऊ बाहेर आले. "जोडा नसू द्या, पोरीहो. स्टेजचा एक पाय अर्ध्या विटेवर हाय." डेकोरेशनवाला चिडला, पण विटा आणाव्याच लागल्या. त्या लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीच्या मधोमध भाऊ उभे आहेत, डोक्याला जाळं लागलेले.

अशा माणसाकडे एका मे महिन्यात अकोल्याचे साहेब आले. मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. त्यांच्या मोटारीमागे एक घर जोडलेलं होतं. खरोखरचं घर, चाकांवरचं. पलंग, बेसिन, पडदे, छताला छोटं झुंबर, दारावर पितळी अक्षरात नाव. साहेबांनी आम्हा बायकांना हौसेने आत नेलं, पण चपला काढून. आत पाय टेकला आणि तळवा भाजला. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. आम्ही एकेका पायावर उड्या मारत झुंबर पाहिलं आणि "छान आहे हो" म्हणत बाहेर पळालो.

"हीच अडचण आहे," साहेब म्हणाले. "पातूरला लेणी पाहायला गेलो होतो. हिने सगळा प्रवास पाय वर घेऊन केला. खालच्या कपाटातला गूळ वितळला. आत एसी आहे, तरी!"

भाऊ तोवर गाडीखाली होते. खालून बोटांनी टकटक वाजवल्याचा आवाज आला.

"साहेब, तुमच्या घराले खाली काहीच नाई."

"म्हणजे?"

"एक प्लायवूड हाय. त्याच्याखाली डायरेक्ट सडक. झुंबराचे किती गेले?"

साहेबांनी झुंबराची किंमत सांगितली. खालून "हं" आला.

आता इथे भाऊंची चूक सांगितली पाहिजे, कारण ते स्वतःही ती सगळ्यांना सांगत. ऊन म्हटलं की आपल्या वऱ्हाडी माणसाला दुसरं काही सुचत नाही, कूलरच सुचतो. भाऊंनी घराच्या पोटाखाली लोखंडी जाळी मारली, तिच्यात वाळ्याच्या ताट्या बसवल्या आणि वरून बारीक पाइपने थेंब थेंब पाणी सोडलं. म्हणजे घराला खालून कूलर.

मला ते पटलं नव्हतं. रजई शिवणाऱ्या बाईला एवढं कळतं की ओल धरली की फळी काय नि कापूस काय, फुगणारच. पण मी चारचौघांत बोलत नाही. तोंडात आलेलं दोऱ्यासारखं दातांनी तोडून टाकायची सवय आहे मला. तेव्हाही तोडलं.

गल्लीत उभ्या गाडीवर प्रयोग झाला तेव्हा तर स्वर्गच उतरला. फरशी गार, वाळ्याचा वास, खाली गल्लीतली सगळी कुत्री येऊन झोपली. साहेबांनी व्हिडिओ काढला, अकोल्याला पाठवला, पैसे मोजले आणि बाईसाहेबांना घेऊन मोर्शीकडे संत्र्याचे बगीचे पाहायला निघाले.

त्या रस्त्याचं काम चालू होतं. खोदलेली काळी माती रस्त्यावर पसरली होती. ओल्या ताट्यांनी ती धूळ अशी ओढून घेतली की विचारू नका. चौथ्या दिवशी घर परत आलं ते पोट सुटल्यासारखं, खाली वीतभर चिखलाचं लिंपण. वरून प्लायवूड फुगलेलं, संडासाचं दार लागत नव्हतं. बाईसाहेब मोटारीतून उतरल्याच नाहीत.

साहेब गल्लीभर ऐकू जाईल असं बोलले. फसवणूक म्हणाले, कोर्ट म्हणाले, सगळ्या अकोल्यात सांगतो म्हणाले. गल्लीतले लोक, जे चार दिवसांपूर्वी "वा भाऊ" करत होते, ते आता "आम्ही म्हटलंच होतं" करत होते.

भाऊ गाडीखालून सरपटत बाहेर आले. तोंडभर माती.

"चूक माही हाय, साहेब. कोर्ट कायले पाहिजे? माह्या पैशानं करून देतो. पुन्हा पैसा मागत नाई."

बोलून बसले, पण पैसा कुठे होता? सीझनचे कूलर उधारीवर गेलेले. प्लायवूड, थर्माकोल, पत्रा, सगळं नवं घ्यायचं होतं. दोन दिवस ते चिखल खरवडत होते आणि दुकानात नवं काही येत नव्हतं. मी पाहत होते. माझ्याकडे शिलाई मशीनला मोटर बसवायला साठवलेले पैसे होते. पाय मारून मारून माझे गुडघे गेले होते. तिसऱ्या दिवशी त्या पैशांची पुडी मी त्यांच्या ऐरणीवर ठेवली आणि निघाले.

"बाई, हे काय?"

मी ओट्याची पायरी चढले.

"तुमची मोटर राह्यली मंग." पुडी हातात तोलत म्हणाले, "पण बुडवत नाई मी. लिहून ठेवा."

दुसरं काम कोरडं होतं. गंज घासून रंग दिला, नवं प्लायवूड टाकलं, लोखंडी पट्ट्यांच्या मधल्या खणांत थर्माकोल कापून बसवला. पण गाडी ट्रॅक्टरला जोडून दोन स्पीड ब्रेकरवरून नेऊन आणली तर थर्माकोल सुटून एका कोपऱ्यात गोळा झाला. पुन्हा बसवला, पुन्हा तेच. चिकटवला, तर उन्हाने गोंदच सुटला. भाऊ गाडीखाली नुसते पडून राहिले. मला वाटलं झोपले. झोपले नव्हते.

माझ्या मांडीवर अर्धी रजई होती. कशी कोण जाणे, तोंडातून शब्द निघाला.

"टाके घाला, भाऊ."

खालून डोकं आलं. "काय म्हणता?"

आता मागे फिरता येत नव्हतं. "टाके नसले तर रजईतला कापूसही कोपऱ्यात जातो. म्हणून मधे मधे टाका घालतात."

भाऊ ओट्यावर आले. माझी रजई उचलली आणि, तुम्हाला खोटं वाटेल, तिच्याखाली डोकं घालून खालून पाहिली. बराच वेळ पाहिली. गल्लीतून जाणारे थांबून पाहू लागले. मी लाजेने मेले.

मग त्यांनी प्रत्येक खणात तार इकडून तिकडे ओवून टाके घातले. त्यावर पत्रा, पत्र्याच्या फटी बुजवल्या, पाणी साचू नये म्हणून सगळ्यात उतरत्या जागी भोकं आणि उंदीर शिरू नये म्हणून भोकांवर जाळी. गाडी त्याच खोदलेल्या रस्त्याने नेऊन आणली. एक तुकडा हलला नाही.

साहेब आले. भर दुपारी अनवाणी आत चालले.

"मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो," ते म्हणाले, "इथे कोरडंच काम पाहिजे."

अकोल्यात ते आजही सांगतात की डिझाइन त्यांचंच. घर मात्र त्यानंतर कुठे गेलं नाही. बंगल्यापुढे उभं असतं. बंगला तापतो म्हणून साहेब दुपारची झोप त्यात घेतात. भाऊ ऐकून हसले. "वरून साहेबाचं डिझाइन, खालून बाईचे टाके." येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते माझ्याकडे बोट करून हे सांगत. मी आत पळून जाई.

माझे पैसे ते दर शनिवारी थोडे थोडे आणून देत. मोजायला लावत, मग मशीनखाली शिरून तेल घालत. "पट्टा ढिला हाय," म्हणत, आणि खालीच काहीतरी ठोकत बसत. मी चहा ठेवी. तीन वर्षं असं चाललं. पैसे लवकर फिटावेत असं मला कधी वाटलं नाही, हे इथे लिहिते. कोणी वाचणार नाही.

मागच्या दिवाळीनंतर त्यांची कंबर धरली. गाडीखाली शिरता येईना. मुलगा नाशिकला नेणार होता. दुकानाचं शटर विकलं गेलं त्या दिवशी ते ओट्यावर आले, शनिवार नसताना. उरलेले सगळे पैसे एकदम पुढे केले.

"मोजा. अन् आता मोटर घ्या, बाई."

मी मोजले.

"मशीन एकदा खालून पाहा. मले वाकता येत नाई. तुमीच पाहा."

मी पदर खोचला आणि पहिल्यांदा माझ्याच मशीनखाली शिरले. फळीच्या पोटाला एक जाड लोखंडी पट्टी बसवलेली होती, मोटर टांगायला. चार भोकं पाडलेली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, तेल दिलेली. धूळ पाहून कळत होतं की बसवून पुष्कळ शनिवार झाले होते.

मला लवकर बाहेर येता येईना.

"काहून वो बाई?" वरून भाऊंचा आवाज आला. "पैसे पुरे हाय ना?"

"पुरे आहेत," मी खालूनच म्हटलं. "सगळे फिटले, भाऊ."