पाण्याखाली, पण कोरडी

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. हे मी सांगतेच, कुणी विचारो न विचारो.

आई मिठागरात काम करायची. लहानपणी मी खाडीत डुंबून आले की ती काही विचारायची नाही. माझा हात धरून त्यावर नख ओढायची. मिठाची पांढरी रेघ उठली की पाठीत धपाटा. मामा खाडीत बुडाला होता, तेव्हापासून तिचं पाण्याशी वाकडंच.

जेट्ट्या तपासायची नोकरी लागली तेव्हा तिने मला देवापुढच्या नारळावर हात ठेवायला लावला. "पान्यात उतरायचं नाय. उतरलीस तर नोकरी बंद."

आणि त्याच उन्हाळ्यात उरणकडच्या एका जेट्टीचा खांब पाण्याखाली बघायची पाळी आली. पाणबुड्यांनी खांबाभोवती लोखंडी पेटीचे दोन अर्धे भाग आवळले, बुडाशी रबराची पट्टी घट्ट दाबली. पेटीचं तोंड भरतीच्याही वर. आतलं पाणी पंपाने उपसलं, तसा खांब कोरडा उघडा पडला. दोर बांधून मी शिडीने उतरले. चहूबाजूंनी खाडी, आणि माझे मोजे सुके! हातोडीने काँक्रीट ठोकत गेले. कुठे ठणठण, कुठे बद्द. बद्द वाजलं तिथे आत सळई गंजलेली. बाहेरून पाणी पत्र्यावर हळूच दार वाजवावं तसं वाजत होतं. आत नुसती भट्टी.

घरी येऊन मी बढाई मारली, "आये, आज खाडीच्या तळाला जाऊन आले. कोरडी!"

"हात दे."

नख ओढलं. ठसठशीत पांढरी रेघ.

"नारलावर हात ठेवलेलास ना गो?" गेली नोकरी, मला वाटलं. पेटी, पंप, पट्टी, सगळं भराभरा सांगितलं. तोंडी परीक्षेतसुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

"भायेरचं पानी काय तुला बघून थांबलं?"

"मला नाही, रबराला बघून."

ती हसली नाही. माझे बूट उलटे करून झटकले. मोजे गालाला लावून बघितले.

"घान वास हाय. पन सुके हायेत. मंग हे मीठ कसलं?"

"घामाचं, आये."

तिने माझा हात पुन्हा हातात घेतला.

"घामाचं चालंल," ती म्हणाली. "खाडीचं नको."

आता आई नाही. ते मिठागरही नाही, तिथे इमारती उभ्या आहेत. मी पनवेलला फ्लॅटमध्ये राहते. पेटीतून वर आलेल्या दिवशी घरी आले की स्वतःच हातावर नख ओढते. रेघ उठते. मग मी आंघोळीची घाई करत नाही.